बटाट्याच्या बेण्याला वीतभर पांढरे कोंब आलेत, मोडू की तसेच लावू?

परसात_नवी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. लावणीसाठी बटाट्याचं बेणं आणून ठेवलं होतं, २० नग. लावायच्या आधी कोंब आणून घेतले की पीक लवकर येतं असं ऐकलेलं, म्हणून ते पुठ्ठ्याच्या खोक्यात भरले, वरून पोतं टाकलं आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवून दिले, म्हटलं अंधारात आणि उबेत पटकन मोड येतील. मधे घरात आजारपण होतं त्यामुळे तिकडे बघणंच झालं नाही, आणि काल महिन्याने खोकं उघडलं तर आतून नुसता पांढरा गुंता. काही कोंब माझ्या वितीएवढे लांब, बारीक, आणि एकमेकांत असे अडकलेत की एक बटाटा उचलला तर शेजारच्याचे दोन कोंब कट्कन मोडले. फार वाईट वाटलं.

आत्ताची परिस्थिती अशी की १२ बटाट्यांना हे लांब पांढरे कोंब आहेत, ३ चांगले मोठे आहेत मुठीपेक्षाही मोठे, ते कापून लावायचा विचार आहे, ३ ना काहीच नाही म्हणजे डोळे जसेच्या तसे बंद, आणि २ ना अगदी केसासारखे बारीक धागे फुटलेत.

मागच्या वेळी कोंब न आणता डायरेक्ट कापून त्याच दिवशी मातीत टाकले होते तर अर्ध्याहून जास्त सडले, उकरून बघितलं तर नुसता घाण वासाचा लगदा. म्हणून या वेळी नीट करायचं ठरवलं होतं. घरामागे छोटा वाफा आहे आणि दोन ग्रो बॅग आहेत. माती अजून गारच आहे, लावायला अजून तीनेक आठवडे तरी असतील. आता हे कोंब मोडून टाकू का? परत येतात का? का अख्खं बेणंच वाया गेलं?

सरीवरंबा

ताई वाया काही गेलेलं नाही, आधी घाबरणं थांबवा. अंधारात कोंब वाढला की तो उजेड शोधत लांबत जातो, पांढरा आणि ठिसूळ होतो, आणि त्या लांबण्यात बटाट्यातला साठा खर्च होतो. बेणं हाताला मऊ लागतंय का बघा, थोडं सुरकुतलेलं असलं तरी चालतं पण स्पंजसारखं दबत असेल तर त्यातून जोमदार झाड येणार नाही.

तुम्हाला हवेत ते कोंब असे दिसत नाहीत हो. चांगला कोंब आखूड असतो, एक ते दोन सेंटीमीटर, जाडजूड, आणि जातीप्रमाणे हिरवा, जांभळा नाहीतर गुलाबीसर. जवळून बघितलात तर त्याच्या बुडाशी बारीक बारीक पुटकुळ्या दिसतील, ती मुळांची सुरुवात असते, माती लागली की तिथूनच मुळं सुटतात. असा कोंब बोटाने हलकेच ढकलला तरी मोडत नाही, घट्ट बसलेला असतो. आणि हे होतं ते उजेडाने. उजेड मिळाला की कोंब लांबायचा थांबतो आणि जाड व्हायला लागतो. बाकी सगळं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं पण उजेड नसेल तर कोंब आणण्यात काही अर्थच नाही, उलट नुकसान.

आता काय करायचं ते सांगतो. अंड्यांचा रिकामा ट्रे घ्या आणि एकेक बटाटा त्यात उभा ठेवा. बटाट्याला दोन टोकं असतात, एका टोकाला देठाचा वाळका ठिपका असतो जिथून तो झाडाला जोडलेला होता, आणि दुसऱ्या टोकाला डोळे दाटीने असतात. ती डोळ्यांची बाजू वर. जागा अशी बघा की दिवसभर भरपूर उजेड आहे पण थेट ऊन नाही, हवा खेळती, आणि तापमान १० ते १५ अंशांच्या आसपास. २० च्या वर गेलं की कोंब भराभर पळतात आणि बटाटा सुकतो. रात्री दव गोठण्याइतकी थंडी असेल तर आत घ्या, कोंब काळे पडतात. अशा जागी एरवी ४ ते ६ आठवडे लागतात कोंब तयार व्हायला, तुमच्याकडे तीन आहेत पण तुमचे डोळे तर जागे झालेलेच आहेत त्यामुळे जमेल.

लांब कोंबांचं म्हणाल तर मी असतो तर वीतभरवाले सगळे हलक्या हाताने खुडून टाकले असते आणि बटाटे उजेडात ठेवले असते. त्याच डोळ्यातून शेजारचे कोंब येतात. पण हे एकदाच करायचं, पुन्हा पुन्हा खुडलं की प्रत्येक वेळी येणारा कोंब आधीपेक्षा अशक्त असतो. जे कोंब बोटाच्या दोन पेरांएवढे असतील ते ठेवा, उजेडात हिरवे होतील, आखूड नाही होणार पण तिथे थांबतील.

जुनी_कुदळ

वरच्यांचं बहुतेक पटतंय पण एक वेगळं मत मांडतो. कोंब आणलेच पाहिजेत असं काही नाही. मी एका वर्षी एकाच वाफ्यात एका ओळीत कोंब आणलेले आणि शेजारच्या ओळीत नुसतेच बटाटे लावले होते, जात एकच, दिवस एकच. कोंबवाली ओळ साधारण दहा दिवस आधी वर आली, सुरुवातीला लई फरक दिसायचा, पण शेवटी काढणीला दोन्ही ओळींत मला फारसा फरक दिसला नाही. म्हणजे फायदा वेळेचा आहे. लवकर येणारी जात असेल, किंवा तुमच्याकडे हंगाम छोटा आहे आणि पुढे उन्हाळा तापायच्या आत पीक काढायचंय, तर ते दहा दिवस फार मोलाचे, कारण माती तापायला लागली की बटाटा पोसणं मंदावतं आणि तिशीच्या आसपास गेली की जवळपास थांबतंच. पण हंगाम लांब असेल आणि उशिरा येणारी जात असेल तर एवढा जीव काढायची गरज नाही.

आणि ताई तुमचे मागच्या वेळी सडले ते कोंब नव्हते म्हणून नाही सडले. ओली जखम, गार माती आणि वर पाणी, हे तिन्ही एकत्र आलं म्हणून सडले. ते दुरुस्त केलं नाही तर कोंबवाले पण सडतील.

परसात_नवी

दोघांचेही मनापासून आभार! काल रात्रीच खोकं रिकामं केलं. वीतभर होते ते खुडले, एकेक सोडवायला तास लागला. बटाटे हाताला घट्ट आहेत, दोनच जरा सुरकुतलेत. अंड्यांचे ट्रे मिळाले, उत्तरेकडच्या खिडकीत ठेवलेत, तिथे उजेड छान आहे आणि ऊन येत नाही.

@जुनी_कुदळ दादा, बरोबर आहे तुमचं, मी त्या वेळी सकाळी कापले आणि दुपारी लावून लगेच भरपूर पाणी घातलं होतं, मला वाटलं पाणी दिलं की लवकर उगवतील. आता हे मोठे तीन कसे कापू ते कुणी नीट सांगेल का? राख लावायची असते ना?

डोळस_माळीण

कापण्याबद्दल मी लिहिते, कारण यात मी स्वतः खूप बेणं घालवलंय आणि मग शिकलेय.

पहिली गोष्ट, कोंबडीच्या अंड्याएवढा बटाटा असेल तर कापूच नका, अख्खा लावा, ३०-६० ग्रॅमचा अख्खा बटाटा हे सगळ्यात सुरक्षित बेणं, त्याला जखमच नाही तर सडणार कुठून. मोठाच असेल तर कापायचं, आणि प्रत्येक फोड ४०-५० ग्रॅमची तरी हवी, तिच्यावर दोन तरी डोळे हवेत. लोक काटकसर म्हणून डोळ्याभोवतीची पातळ चकती कापून लावतात, तसं करू नका, झाड वर येऊन पानं पसरेपर्यंत त्या फोडीतल्या साठ्यावरच जगत असतं.

कापताना उभा कापा, म्हणजे डोळ्यांच्या टोकापासून देठाच्या टोकापर्यंत, मग दोन्ही फोडींना वरचे चांगले डोळे वाटून मिळतात. आडवा कापला तर एका फोडीला सगळे डोळे आणि दुसरीला देठाकडचे एकदोन आळशी डोळे असं होतं.

सुरी धारदार, आणि प्रत्येक बटाट्यानंतर स्पिरिटने पुसायची. हे कंटाळवाणं वाटतं पण टाळू नका. एखाद्या बटाट्यात जिवाणूंचा रोग असेल तर तो सुरीवरून पुढच्या सगळ्यांना लागतो. कापल्यावर आत नीट बघा, सालीच्या जरा आत तपकिरी रेघ गोल फिरलेली दिसली, आणि दाबल्यावर त्यातून पांढुरका चिकट द्रव आला तर तो बटाटा सरळ बाजूला, लावायचा नाही आणि खतात पण टाकायचा नाही.

आता खपली. ताज्या फोडीला खपली धरायला दोन ते चार दिवस लागतात आणि त्याला ऊब, थोडी दमट हवा आणि वारा लागतो, १५ ते २० अंश चांगलं. उन्हात वाळवू नका! उन्हात वरचा थर नुसता कडक होतो, खाली जखम ओलीच राहते आणि मातीत गेल्यावर त्या कडक थराला तडे जातात. मी फोडी कापडावर एका थरात पसरते, एकीला दुसरी चिकटू देत नाही, वरून पातळ कापड. तिसऱ्या दिवशी अंगठा फिरवून बघायचा. पहिल्या दिवशी अंगठ्याला पांढरं पिठूळ पाणी लागतं, आणि खपली धरली की पृष्ठभाग चामड्यासारखा कोरडा, किंचित पिवळसर लागतो आणि अंगठ्याला काही लागत नाही. ती खूण पटली की लावायचं.

राखेबद्दल, मी आधी लावायचे, आता सोडून दिलं. खपली नीट धरलेली असेल तर राखेची गरज पडत नाही आणि राख मातीचा सामू (pH) वाढवते, बटाट्याच्या सालीवर खरबरीत खवले येतात ना तो रोग अशा मातीत जास्त येतो. चिमूटभर राखेने फार बिघडणार नाही, पण ओंजळीने नको.

परसात_नवी

@डोळस_माळीण ताई इतकं बारीक कुणीच सांगितलं नव्हतं, अंगठ्याची खूण तर लिहूनच ठेवली. अजून दोन राहिले. तीन बटाट्यांचे डोळे बंदच आहेत ते, आणि केसासारखे धागे आलेले दोन?

सरीवरंबा

धागेवाले टाका. बेणं फार म्हातारं झालं किंवा त्यात विषाणूचा वगैरे रोग असला की असे बारीक धागे येतात. त्यातून झाड आलं तरी केविलवाणं येतं, आणि रोगट असेल तर मावा ही कीड तो रोग तिथून चांगल्या झाडांवर नेते. मावा आठवलाच तर तुमच्या ट्रेमधल्या कोंबांवर पण अधूनमधून नजर टाका, कोवळ्या कोंबावर बारीक हिरवे किडे जमतात, दिसले की ब्रशने पुसून घ्या.

बंद डोळेवाल्यांना अजून झोप आहे एवढंच. बटाटा काढल्यावर काही काळ, जातीप्रमाणे दोन-तीन महिने, काही केलं तरी फुटत नाही, आणि हा काळ तुम्ही आणल्यापासून नाही धरायचा, जमिनीतून काढल्यापासून धरायचा. एकाच पिशवीत वेगवेगळ्या वेळी काढलेले असू शकतात. त्यांना मात्र उबेत ठेवा, १८-२० अंश, अंधारात चालेल, आणि रोज बघा. डोळ्यात पांढरा ठिपका वर आला रे आला की उजेडात हलवा. तुम्ही सगळ्यांना अंधारात ठेवलंत ती पद्धत इथे बरोबर आहे, फक्त डोळे उघडल्यावर तिथे ठेवायचं नाही.

हिरवी_वेल

मधेच विचारते, घरात आणलेल्या नेहमीच्या बटाट्यांना कोंब आले तर ते लावले तर चालतात का? बेणंच हवं का?

जुनी_कुदळ

@हिरवी_वेल उगवतात, पण दोन अडचणी. एक म्हणजे खाण्याच्या बटाट्याला बरेचदा कोंब येऊ नयेत म्हणून प्रक्रिया केलेली असते, तसे बटाटे डोळे फुगवून बसतात आणि पुढे सरकतच नाहीत. दुसरी अडचण जास्त वाईट, त्यात कुठला रोग आहे ते कळत नाही. विषाणू बटाट्यात असला तरी वरून बटाटा सुंदरच दिसतो, झाड वर आल्यावर पानं गुंडाळायला लागतात तेव्हा कळतं. करपा रोग पण असाच बेण्यातून येतो. कुंडीत एखादा हौसेला लावून बघा, बाकी बाग दूर असेल तर. पण जिथे दरवर्षी बटाटा, टोमॅटो, वांगी घ्यायचीत त्या मातीत नका लावू, तिन्ही एकाच कुळातली, रोग वाटून घेतात.

आणि हे सगळ्यांसाठीच, उजेडात ठेवलेले बेणं हिरवं पडतं, ते लावायला उत्तम पण खायला अजिबात नाही, हिरव्या भागात आणि कोंबात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं वाढतात आणि शिजवल्याने जात नाहीत. ट्रेवर तसं लिहून ठेवा, घरातलं कुणीतरी उचलून वापरायचं.

हिरवी_वेल

समजलं, बेणंच आणते. धन्यवाद दादा.

दोन_ग्रोबॅग

माझा एक अनुभव सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. मी कोंब आणलेलं बेणं घाईने लावलं, घरात ऊबदार जागेत बरेच महिने पडलेलं होतं आणि बाहेर माती अजून चांगलीच गार. महिना झाला तरी वर काही येईना. उकरलं तर बेणं सडलेलं नव्हतं, पण कोंबांनाच गोट्यांएवढे छोटे छोटे बटाटे लागलेले, पान एक नाही! मला काही कळेना काय झालं. नंतर समजलं की म्हाताऱ्या बेण्याला एकदम गार माती मिळाली की ते झाड वर पाठवायच्या ऐवजी जवळचा साठा तसाच नव्या बटाट्यांत भरतं. तेव्हापासून मातीत थर्मामीटर खुपसल्याशिवाय लावत नाही. सकाळी १० सेंटीमीटर खोलीवर बघायचं, सलग तीनचार दिवस ८-१० अंश किंवा वर असेल तर लावा. परसात_नवी ताई, तुमचं बेणं पण महिनाभर उबेत होतं म्हणून मुद्दाम लिहिलं.

परसात_नवी

बापरे, हे माहीतच नव्हतं. थर्मामीटर आणतेच. लावताना कोंब किती ठेवायचे आणि किती खोल तेवढं सांगा कुणी.

डोळस_माळीण

मोठे बटाटे हवे असतील तर दोनतीन दणकट कोंब ठेवून बाकीचे खुडा, छोटे पण भरपूर चालत असतील तर सगळे राहू देत. १० ते १५ सेंटीमीटर खोल, कोंब वर, दोन बेण्यांत एक फूट अंतर. बेणं खड्ड्यात टाकायचं नाही, हाताने बसवायचं आणि माती पण हातानेच लोटायची, मी कोंबाच्या भोवती आधी मूठभर भुसभुशीत माती घालते मग बाकीची. जे कोंब थोडे लांबच राहिलेत ते बटाटा जरा आडवा ठेवून मातीत निजवा, पुरलेल्या दांड्याला पण मुळं येतात.

पाणी, मातीत ओल असेल तर कोंब वर येईपर्यंत देऊच नका. झाड वीतभर झालं की बुडाशी मातीची भर द्या. ग्रो बॅगमध्ये सुरुवातीला बॅग अर्धीच भरा म्हणजे भर द्यायला जागा राहते.

परसात_नवी

मंडळी, सव्वा महिन्याने आलेय, कळवल्याशिवाय राहवेना.

खिडकीत ठेवल्यावर पहिला आठवडा काहीच झालं नाही आणि मला वाटलं खुडून चूक केली. मग नवव्या की दहाव्या दिवशी खुडलेल्या जागेच्या बाजूला जांभळे बिंदू दिसले. तीन आठवड्यांत बोटाच्या पेराएवढे झाले, जाड, बुडाशी त्या पुटकुळ्या अगदी सरीवरंबा दादांनी लिहिल्यासारख्या. मी रोज सकाळी ट्रे फिरवून ठेवायचे म्हणजे सगळ्या बाजूंना उजेड मिळेल.

मोठे तीन कापले, त्यातल्या एकात ती तपकिरी गोल रेघ निघाली. वरून एक डाग नव्हता त्याच्यावर. सुरी आधीच स्पिरिटने पुसत होते म्हणून बाकीचे दोन वाचले, त्यांच्या पाच फोडी झाल्या. तीन दिवसांत खपली धरली नाही, जरा गार होतं, पाचव्या दिवशी अंगठा कोरडा निघाला तेव्हा लावल्या. थर्मामीटरवर ९, ९, १०, १० असे चार दिवस आले मग हात लावला.

एकूण १७ लावले, १२ अख्खे आणि ५ फोडी. आज १६ वा दिवस, १५ वर आलेत! न आलेल्यात एक फोड आणि एक तो सुरकुतलेला आहे, फोडीची माती हळूच बाजूला केली तर कोंब जिवंत आहे, बोटभर खाली, परत झाकून ठेवलं. झोपलेल्या तिघांपैकी दोघांचे डोळे उघडलेत, ते आता खिडकीत आहेत, त्यांच्यासाठी एक ग्रो बॅग राखून ठेवलीय.

पानं गडद हिरवी आणि जाड आहेत, सकाळी त्यांच्यावर दव असतं तेव्हा मी चहा घेऊन तिथेच बसते. सगळ्यात उंच आहे ते बारा सेंटीमीटर भरलं, म्हणजे अजून थोडं थांबून भर द्यायची ना?

डोळस_माळीण

हो, १५ ते २० झालं की द्या. वरची पानं उघडी ठेवा. आणि रात्री दव गोठेल इतकी थंडी पडेल असं वाटलं तर त्या दिवशी संध्याकाळीच माती ओढून सगळं झाकून टाका, परत वर येतात.